गावात कुणाकुणाला ठाऊक होते?

अमेरिकेच्या दक्षिण भागातले एखादे छोटे गाव, तिथले चर्च, रविवारी एकमेकांशेजारी बसणारी माणसे आणि त्यांच्यातच कुणाचा तरी झालेला खून, एवढ्या सामग्रीवर इंग्रजीत ख्रिस्ती रहस्यकादंबऱ्यांची एक मोठी परंपरा उभी आहे. ही पुस्तके आता मोबाइलवर ई-पुस्तकांच्या रूपात मिळतात, जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यातही सापडतात, आणि नांदगाव-मनमाडकडचा इंग्रजी वाचणारा वाचकही त्यांच्यापर्यंत पोहोचतो. पोहोचल्यावर बहुधा दोहोंपैकी एक घडते. कुणी फक्त खुनी शोधत पाने उलटतो आणि मधल्या प्रार्थना, बायबलची वचने, उपासनेचे प्रसंग गाळत जातो. कुणी श्रद्धेचा भाग मन लावून वाचतो आणि तपास निमित्तमात्र धरतो. दोघांच्याही हातून पुस्तकातला निम्मा ऐवज निसटतो. या कादंबऱ्या वाचताना 'खून कुणी केला' हा प्रश्न दुय्यम ठेवावा आणि 'गावात कुणाकुणाला ठाऊक होते, ते गप्प का राहिले' हा प्रश्न पहिल्या पानापासून हाती धरावा, असे या लेखाचे म्हणणे आहे. मग रहस्य आणि श्रद्धा हे वेगळे धागे उरत नाहीत. कोणते पुस्तक कसदार आणि कोणते नुसते बेतलेले, तेही याच प्रश्नाने कळते.

हा प्रश्न विचारायला नांदगावचा वाचक महानगरातल्या वाचकापेक्षा अधिक तयार असतो. तालुक्याचे गाव, रेल्वे स्टेशन, बाजारपेठ, कचेरी, नस्तनपूरच्या शनिमंदिराकडे जाणारी माणसे, शेजारी मनमाडचे जंक्शन, आणि या सगळ्यांत फिरणारी बातमी. कोण कुणाचा सोयरा, कुणाचे कुणाशी बिनसले, कुणाचा बांध कसा सरकला, हे अशा गावात पुष्कळांना माहीत असते. तीच माणसे पंच म्हणून उभी राहण्याची वेळ आली की आपण त्या दिवशी गावात नव्हतो म्हणतात. माहिती भरपूर आणि साक्ष दुर्मीळ, ही छोट्या गावाची जगभरची घडण आहे. जॉर्जिया किंवा मिसिसिपीतल्या काल्पनिक गावाची कादंबरी हाती घेताना ही ओळख वाचकाच्या कामी येते. परकी असतात ती झाडे, जेवण आणि चर्चचे पंथ. माणसे गप्प का बसतात, हे परके नसते.

या प्रकाराची बाहेरची चौकट आधी समजून घेऊ. टेरी ब्लॅकस्टॉक या लेखिकेचे उदाहरण सोयीचे आहे. त्या आधी टोपणनावाने प्रेमकादंबऱ्या लिहीत, मग ठरवून ख्रिस्ती रहस्यकादंबरीकडे वळल्या. १९९८च्या 'प्रायव्हेट जस्टिस'मध्ये लुइझियानातल्या न्यूपॉइंट या काल्पनिक गावात आग विझवणाऱ्या जवानांच्या बायकांचे खून होऊ लागतात. २००२च्या 'केप रेफ्यूज'मध्ये सव्हाना शहराजवळच्या एका काल्पनिक बेटावर, तुरुंगातून सुटलेल्यांना आसरा देणारे घर चालवणारे दांपत्य मारले जाते आणि संशय जावयावर येतो. अशी पुस्तके झोंडरव्हान, थॉमस नेल्सन, बेथनी हाऊस, टिंडेल अशा ख्रिस्ती प्रकाशनसंस्था काढतात. शिवीगाळ नाही, शृंगाराचे उघडे वर्णन नाही, हिंसा दाखवली तरी तिची चटक लावायची नाही, आणि कथेत कुठेतरी श्रद्धेची कसोटी लागली पाहिजे, असे त्यांचे साधारण संकेत असतात. घरातल्या शाळकरी मुलाच्या हाती पुस्तक देताना हे संकेत उपयोगी पडतात. पुस्तक चांगले आहे याची हमी मात्र त्यांतून मिळत नाही.

गप्प राहण्याच्या प्रश्नावर इतका भर का, याचे उत्तर दक्षिणेच्या इतिहासात आहे. ऑगस्ट १९५५मध्ये मिसिसिपीतल्या मनी नावाच्या खेड्यात एमेट टिल या शिकागोहून पाहुणा आलेल्या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला दोन गोऱ्या माणसांनी रात्री घरातून उचलून नेले आणि ठार केले. कुणी नेले हे गावाला माहीत होते. तरीही सगळ्या गोऱ्या ज्युरीने तासाभराच्या आसपास विचार करून दोघांना निर्दोष ठरवले, आणि काही महिन्यांतच त्या दोघांनी पैसे घेऊन एका नियतकालिकाला आपण मारल्याचे सांगितले. या खटल्यात रहस्य म्हणून शोधण्यासारखे काही नव्हतेच. शोधायची होती ती न बोलण्याची कारणे. त्याच कोर्टात मोझ राइट नावाचा मुलाचा वयस्कर नातलग उभा राहिला आणि त्याने भर कोर्टात आरोपींकडे बोट दाखवले. तो दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारा माणूस होता आणि प्रवचनकारही होता. साक्षीनंतर त्याला मिसिसिपी सोडावे लागले. ज्युरीत बसलेली माणसे रविवारी ज्या धर्माच्या प्रार्थना म्हणत, त्याच धर्माचा हा उपदेशक. एकाच श्रद्धेने कुणाचे तोंड बांधले आणि कुणाचे मोकळे केले. दक्षिणेतली ख्रिस्ती रहस्यकादंबरी जेव्हा खरी उतरते तेव्हा ती नेमकी या जागी उभी असते.

आणखी एक गोष्ट वाचकाच्या मनात असावी. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेची, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनची, स्थापना १८४५ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा येथे झाली, ती गुलामगिरीच्या प्रश्नावर उत्तरेकडच्या बॅप्टिस्टांपासून वेगळे होऊन. तिने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली १९९५मध्ये. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मेल्या. पहिला दोषी ठरला १९७७मध्ये, शेवटचे दोघे २००१ आणि २००२मध्ये, म्हणजे जवळजवळ चार दशकांनी. तेव्हा कादंबरीत पांढऱ्या रंगाचे सुबक लाकडी चर्च, गोड चहा आणि मायाळू शेजारी आले की तेवढ्यावर विसंबू नये. या सुबकपणाखाली काय पुरले आहे याचा अदमास लेखकाला आहे का, हे पाहावे. सगळे गाव गोरे, सगळे सज्जन, आणि कृष्णवर्णीय पात्र असलेच तर स्वयंपाकघरात शहाणपणाचे दोन शब्द बोलण्यापुरते, असे असेल तर त्या लेखकाने स्वतःच गावासारखे मौन धरले आहे, असे समजायला हरकत नाही. हे आपण दुरून नाक वर करून म्हणावे असेही नाही. सप्टेंबर २००६मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली ती गावाच्या डोळ्यांदेखत. साक्षीसाठी माणसे पुढे येताना काय झाले हे महाराष्ट्राने पाहिले आहे. दक्षिणेतल्या गावाची कादंबरी वाचणाऱ्या मराठी वाचकाने हे नाव मनातून बाजूला सारू नये.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे. पहिली पन्नास-साठ पाने सावकाश वाचावीत आणि एका कागदावर पात्रांची नावे लिहावीत. प्रत्येक नावापुढे 'याला काय ठाऊक असू शकेल' आणि 'हे सांगितले तर याचे काय जाईल' अशा दोन नोंदी कराव्यात. संशयितांची यादी करण्यापेक्षा ही यादी अधिक काम देते. 'केप रेफ्यूज'मध्ये मारल्या गेलेल्या दांपत्याच्या दोन मुली आहेत. मॉर्गन श्रद्धाळू, तर गावच्या ग्रंथालयात काम करणारी ब्लेअर देव मानत नाही. दोघींना आईवडिलांविषयी वेगवेगळे ठाऊक आहे आणि दोघींना वेगवेगळे ठाऊक करून घ्यायचे नाही. तपास पुढे सरकतो तो या टाळाटाळीला ओलांडून. पोलीस प्रमुख गावचाच, संशयिताच्या परिचयातला, एवढे कळले की ओढाताण कुठे असणार हे उमगते. शहरी रहस्यकथेतला गुप्तहेर बाहेरून येतो, काम करून जातो. इथे तपास करणाऱ्याला पुढच्या रविवारी त्याच माणसांच्या शेजारी बसायचे असते.

'कुणाकुणाला ठाऊक होते' असे विचारण्याची ही रीत बायबलमधूनच आलेली आहे, आणि ते दाखवायला २ शमुवेलचे ११ आणि १२ हे दोन अध्याय पुरेत. दावीद राजा उरीयाच्या बायकोशी, बथशेबेशी, संबंध ठेवतो आणि मग उरीयाला लढाईत सर्वांत बिकट जागी उभे करून मारवतो. खुनी कोण हे वाचकाला पहिल्यापासून माहीत आहे. पण मोजून पाहा की आणखी कुणाकुणाला माहीत होते. बथशेबेला आणायला गेलेले दूत, पत्र हाती पडलेला सेनापती यवाब, मृत्यूची बातमी घेऊन आलेला निरोप्या. एकही बोलत नाही. मग नाथान संदेष्टा येतो आणि आरोप न करता एका गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची हकीकत सांगतो. राजा रागाने निवाडा देतो, आणि तो निवाडा त्याच्यावरच उलटतो. ख्रिस्ती रहस्यकादंबरीत तपास करणाऱ्याचे काम पुष्कळदा असे नाथानाचे असते. पुराव्याने कोंडण्याआधी गुन्हेगाराला स्वतःच्या तोंडून निवाडा द्यायला लावायचे. हे दोन अध्याय आधी वाचून घेतले तर कादंबरीतली अशी जागा लगेच ओळखू येते. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही मराठी बायबलांत ते आहेत.

श्रद्धेचा आणि पुराव्याचा संबंध हा यानंतरचा कठीण भाग. प्रार्थना केली आणि खुनी सापडला, असे झाले तर ती रहस्यकथा उरेल का? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर श्रद्धावंतांनीच दिलेले आहे. १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढणारे रोनाल्ड नॉक्स हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, आणि तपासात दैवी किंवा अद्भुत शक्तीचा उपयोग करू नये असा त्यांचा दुसराच नियम होता. लेखक चेस्टरटन यांनी १९१०मध्ये फादर ब्राउन हे पात्र निर्माण केले. पहिल्याच कथेत चोर धर्मगुरूचा वेष घेऊन येतो, आणि फादर ब्राउनला त्याची खात्रीने ओळख पटते ती तो बुद्धीला कमी लेखतो म्हणून. बुद्धीवर हल्ला करणारा माणूस धर्मशास्त्र शिकलेला असूच शकत नाही, हे त्याचे अनुमान. याहून जुना दाखला दानीएलच्या पुस्तकाला जोडलेल्या दोन कथांत आहे. सुसन्नेवर खोटा आळ घेणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांना दानीएल वेगवेगळे उभे करतो आणि कोणत्या झाडाखाली पाहिले एवढेच विचारतो. दोघे दोन झाडे सांगतात आणि आळ कोसळतो. दुसऱ्या कथेत देवापुढचा नैवेद्य रात्री कोण खातो हे पाहण्यासाठी तो देवळाच्या फरशीवर राख पसरतो आणि सकाळी पुजाऱ्यांच्या, त्यांच्या बायकामुलांच्या पावलांचे ठसे दाखवतो. डोरोथी सेयर्स यांनी १९२८मध्ये संपादित केलेल्या रहस्यकथांच्या संग्रहात या दोन्ही कथा घेतल्या. त्या कॅथलिक बायबलमध्ये मिळतात, प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या प्रतीत नसतात. म्हणून पुस्तक मागताना कॅथलिक प्रत मागावी.

तेव्हा वाचताना कसोटी अशी लावावी. प्रार्थनेने जर पुरावा हाती येत असेल तर लेखकाने वाचकावर अन्याय केला. प्रार्थनेने जर एखाद्या पात्राला ठाऊक असलेले सांगण्याचे बळ येत असेल, किंवा उलट, प्रार्थना करूनही ते बळ येत नसेल आणि त्याची लाज त्याला खात असेल, तर श्रद्धा कथेच्या गाठीत बसली. प्रार्थनेचा प्रत्येक प्रसंग आला की थांबून विचारावे, की हा प्रसंग काढून टाकला तर पुढच्या प्रकरणात काही बदलते का? काहीच बदलत नसेल तर तो सजावटीचा. अशा सजावटीची पाने एकामागून एक येऊ लागली तर पुस्तक खुशाल मिटावे.

पंथांचे थोडे ज्ञान इथे लागते, कारण मौनाचे नियम पंथागणिक वेगळे आहेत. कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदनात ऐकलेले कुणालाही सांगता येत नाही, पोलिसांनाही नाही. हिचकॉकचा १९५३चा 'आय कन्फेस' हा चित्रपट याच पेचावर उभा आहे. दक्षिणेतली गावे मात्र बहुतांशी बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट. तिथे पापनिवेदनाची जाळीची खिडकी नसते. त्याऐवजी भर सभेत उभे राहून आपल्या आयुष्याची साक्ष देण्याची रीत असते, आणि उपासनेच्या अखेरीस पाळक लोकांना पुढे येण्याचे आवाहन करतो. म्हणजे कबुली दिली तर ती सगळ्या गावासमोर. कॅथलिक पेच 'सांगू शकत नाही' असा, तर बॅप्टिस्ट पेच 'सगळ्यांसमोर सांगावे लागेल' असा. याशिवाय बॅप्टिस्टांत पाळकाला नेमणारी आणि काढणारी मंडळीच असते. त्यामुळे पाळक सत्य बोलला तर त्याची नोकरी आणि राहते घर दोन्ही जाऊ शकते. बुधवारच्या संध्याकाळची प्रार्थनासभा हेही ध्यानात ठेवण्यासारखे ठिकाण आहे. तिथे 'अमक्यासाठी प्रार्थना करा' या निमित्ताने गावातली निम्मी माहिती हातोहात पसरते, आणि चांगली लेखिका महत्त्वाचा धागा अशा एखाद्या विनंतीत ठेवून देते. डीकन, संडे स्कूलचे शिक्षक, गायकवृंद ही सगळी पदे गावातल्या प्रतिष्ठेची आहेत. आपल्याकडच्या मंडळ्यांतून वाढलेल्या वाचकाला हे सांगावे लागणार नाही. बाकीच्यांनी एखाद्या ख्रिस्ती मित्राला विचारावे. विचारण्यासारखे पुष्कळ असते आणि तो आनंदाने सांगतो.

शेवट ठाऊकच आहे, देव जिंकणार, मग उत्कंठा कसली, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. मराठी वाचकाने तो घ्यावा याचे नवल वाटते. कीर्तनाच्या उत्तररंगात हरिश्चंद्राचे आख्यान लागले की श्रोत्यांपैकी एकालाही शेवट नवीन नसतो, तरी तारामती स्मशानात येते तेव्हा मांडवात कुणी हलत नाही. उत्कंठा शेवटाची नसते. या माणसाला एवढे सोसवेल का, तो वचन मोडेल का, याची असते. ख्रिस्ती रहस्यकादंबरीत न्याय होणार हे गृहीत धरले तरी कोण तुटणार, कोण उशिरा बोलणार, आणि त्या उशिरापायी कुणाचा जीव जाणार, हे उघडेच राहते. किंबहुना शेवट ठाऊक असल्यामुळे लेखकावर जास्त भार पडतो, कारण त्याला केवळ धक्क्यावर भागवता येत नाही.

ही पुस्तके म्हणजे धर्मप्रचार, हा तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही. होय, यातल्या बऱ्याच पुस्तकांना वाचकाचे मन वळवायचे असते. पण मराठी कादंबरीचा आरंभच अशा पुस्तकाने झाला आहे. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८५७मध्ये 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिचा हेतू उघड आहे. तरी आज ती वाचताना मन धरून ठेवतात ती उपदेशाची पाने नव्हेत. ठिकठिकाणी भेटणाऱ्या विधवा जे सांगतात, आणि त्यांच्या घरच्यांनी जे वर्षानुवर्षे पाहून न पाहिल्यासारखे केले, ते धरून ठेवते. यमुना स्वतः विधवा होते तेव्हा तिच्या केशवपनाची टांगती भीती ही खऱ्या अर्थाने रहस्यकथेचा ताण देणारी जागा आहे. तिथे छळणारा एक खलपुरुष नाही, सगळे घर आणि सगळी आळी आहे. म्हणजे प्रचाराच्या हेतूने लिहिलेले पुस्तकही, जिथे ते मौन फोडते तिथे, हेतूच्या पलीकडे जाते. वाचकाने प्रचाराची जागा ओळखावी, पेन्सिलीने खूण करावी आणि पुढे वाचावे. न पटणारे वाचण्याने कुणाची श्रद्धा बाटत नाही.

धर्मांतराचा प्रसंग अशा पुस्तकांत हमखास येतो आणि तिथेच बहुतेक लेखक घसरतात, म्हणून त्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्यासाठी मोजपट्टी आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. नारायण वामन टिळकांना १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला, आणि १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. (ते राजनांदगाव आता छत्तीसगडात आहे. आपल्या नांदगावाशी त्याची गल्लत काही जण करतात.) लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९००मध्ये. मधल्या पाच वर्षांतला दुरावा, माहेरची माणसे, अन्नपाण्याचा विटाळ, नवऱ्यावरची माया आणि राग, हे सगळे त्यांनी लिहिले आहे. मन किती सावकाश, किती आडवळणाने बदलते, हे त्या पुस्तकात दिसते. त्यानंतर एखाद्या कादंबरीत पोलीस कोठडीत दोन पानांत कुणाचे हृदयपरिवर्तन झाले तर ते खोटे वाटल्याशिवाय राहत नाही. मग ते पुस्तक कुणाच्या का धर्माचे असेना.

वाईट कोठून येते, यावरही पुस्तकाची परीक्षा होते. फ्रँक पेरेटी यांची १९८६ची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' अतिशय गाजली. ती दक्षिणेतली नाही, पण छोट्या गावाची आणि या प्रकारावर मोठी छाप पाडणारी आहे. तिच्यात ॲश्टन नावाच्या गावावर दुष्टात्म्यांचा डाव आहे आणि आकाशात देवदूतांशी त्यांची लढाई चालते. पाने भराभर उलटतात, हे खरे. परंतु दुष्टपणा बाहेरून आलेला ठरला की गाव निर्दोष सुटते. कुणी ओळखीच्या माणसाला वाऱ्यावर का सोडले याचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही. स्टीफन किंग यांच्या १९७५च्या 'सालेम्स लॉट'मध्येही बाहेरून रक्तपिपासू पिशाच येते. नारायण धारप यांची 'लुचाई' तिच्यावर बेतलेली मानली जाते, म्हणून मराठी वाचकाला हा साचा ओळखीचा आहे. पण तिथे गाव आधीच आतून किडलेले आहे. फादर कॅलाहन या धर्मगुरूला हातातला क्रूस टाकून निव्वळ श्रद्धेवर उभे राहण्याचे आव्हान मिळते तेव्हा तो कचरतो, आणि क्रूसाचे तेज मावळते. किंग हे ख्रिस्ती प्रकाशकांसाठी लिहिणारे लेखक नव्हेत. श्रद्धेच्या कसोटीचा हा प्रसंग मात्र त्या गोटातल्या अनेक पुस्तकांपेक्षा प्रामाणिक आहे.

आणि ज्यांना या सगळ्याचे मूळ पाहायचे आहे त्यांनी फ्लॅनरी ओकॉनरकडे जावे. जॉर्जियात जन्मलेली, तिथेच मिलेजव्हिलजवळच्या शेतावर लिहिणारी, बॅप्टिस्टांच्या मुलखातली ही कॅथलिक लेखिका १९६४मध्ये ३९व्या वर्षी गेली. १९५५च्या तिच्या कथासंग्रहात एक बायबल विकणारा तरुण आहे. आपल्याला ही 'साधी, खेड्यातली चांगली माणसे' कळतात असा ज्यांना अभिमान आहे, ते सगळे त्याच्याकडून फसतात. त्याच्या पेटीतले एक बायबल आतून पोकळ असते. तिची श्रद्धा पक्की होती, आणि म्हणूनच तिने श्रद्धाळूंना सवलत दिली नाही. बाजारातली ख्रिस्ती रहस्यकादंबरी तिच्या पासंगालाही पुरत नाही, हे मान्य करून टाकावे. पण म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि कैक मराठी माणसांना पुस्तक हाती धरण्याची सवय लावली. त्यांना हलके म्हणणाऱ्यांनी ते काम केले नाही. वाचनाची सवय अशाच पुस्तकांनी लागते, आणि नेमका प्रश्न घेऊन वाचणारा त्याच सवयीने पुढे ओकॉनरपर्यंत जातो.

क्रम असा ठेवावा. आधी २ शमुवेलचे ते दोन अध्याय आणि दानीएलच्या दोन कथा, मराठीत. मग फादर ब्राउनच्या दोन-तीन कथा, कारण त्या लहान आहेत. त्यानंतर 'केप रेफ्यूज' किंवा 'प्रायव्हेट जस्टिस'. ब्लॅकस्टॉक यांची वाक्ये आखूड आणि इंग्रजी सोपे आहे, त्यामुळे बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यालाही ती अवघड जाऊ नये. दक्षिणी बोलीतले संवाद कळले नाहीत तर ते मोठ्याने वाचावेत. डोळ्यांना न कळणारे बरेचसे शब्द कानांना कळतात. प्रत्येक अडलेल्या शब्दापाशी कोश उघडू नये, प्रकरण संपल्यावर उघडावा. 'स्मृतिचित्रे' यांच्या बरोबरीने चालू ठेवावीत आणि ओकॉनर सर्वांत शेवटी घ्यावी. तिची कथा एका दिवशी एकच वाचावी, लागोपाठ दोन वाचू नयेत.

हे वाचन चार-पाच जणांनी मिळून केले तर अधिक पदरात पडते. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एक संध्याकाळ त्यासाठी मागून घेता येते. एकच प्रत असली तरी आळीपाळीने वाचता येते, फक्त ज्याचे आधी संपेल त्याने खुनी सांगायचा नाही. गटात एखादी ख्रिस्ती व्यक्ती असेल तर उत्तम. मनमाडला रेल्वेच्या नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेली ख्रिस्ती कुटुंबे आहेत, तिथून कुणी येऊ शकेल. तिला धर्माची प्रतिनिधी म्हणून उत्तरे द्यायला लावू नये, इतरांसारखीच वाचक म्हणून बसू द्यावे. चर्चेची सुरुवात शेवटच्या प्रकरणापासून न करता पहिल्यापासून करावी. प्रत्येकाने आपला नावांचा कागद समोर ठेवावा, आणि पहिल्या प्रकरणाअखेर कोणत्या पात्राला काय माहीत होते यावर आधी एकमत करावे. बहुधा ते होत नाही. एकाला पाळक निरपराध वाटतो, दुसऱ्याला त्याच्या एका वाक्यात लपवाछपवी दिसते, आणि ते वाक्य पुन्हा मोठ्याने वाचून पाहावे लागते.